कोंडाण्याचा उंदीर व शेतातील उंदीर

उंदीर म्हटला की, नीरा डाव्या कालव्यावरील बारामती-इंदापूरच्या बागायतदारास पोखरलेला बांध आणि बुडाशी कुरतडलेला ऊस आठवतो. आणि ते साहजिकच आहे. परंतु उंदराची प्रत्येक जात पिकाची शत्रू नव्हे. आपल्याच पुणे जिल्ह्यात सिंहगडाच्या माथ्यावर, सुमारे १,३०० मीटर उंचीवर, अशी एक दुर्मिळ जात आढळते. पुण्याच्या विषाणु संशोधन केंद्रातील मिश्रा व धांडा या शास्त्रज्ञांनी १९७५ साली तिचे प्रथम वर्णन केले आणि गडाच्या जुन्या नावावरून तिला ‘कोंडाणा’ हे नाव दिले. इतिहासप्रसिद्ध गडावरील हा रहिवासी तोपर्यंत शास्त्रास अज्ञात होता, हे नवलच!

काळ्या रानातील भेगांत राहणारा मऊ केसांचा शेत-उंदीर हा याचा जवळचा भाऊबंद होय. कोंडाण्याचा उंदीर त्याहून काहीसा मोठा असून डोंगरमाथ्यावरील पानझडी वनात व झुडपी रानात बीळ करून राहतो. अतिचराईने गवत-झुडपे नाहीशी होणे आणि पर्यटकांची वर्दळ, यांमुळे त्याचा निवारा आक्रसत आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने त्याची गणना संकटग्रस्त प्राण्यांत केली आहे. ज्याचे वसतिस्थानच एवढे लहान, त्याला एखादा वणवाही भारी पडावा.

विषास मात्र जात ओळखता येत नाही. म्हणून भोर, हवेलीच्या डोंगराळ भागात काम करणाऱ्या ग्रामकार्यकर्त्यांनी शेताबाहेरील रानात विषारी आमिष टाकू देऊ नये.

शेतात उपद्रव असल्यास प्रथम सर्व बिळे मातीने बुजवावीत. दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील तीच जिवंत बिळे समजावीत. त्यांत दोन-तीन दिवस तेल लावलेला बिनविषारी भरडा ठेवून उंदरांस चटक लावावी. नंतर भरडा ९६ भाग, खाद्यतेल २ भाग व झिंक फॉस्फाईड २ भाग, असे आमिष काठीने कालवून बिळात खोल सारावे व तोंड बुजवावे. ते उघड्यावर पसरू नये. कोंबड्या, कुत्री व गुरे यांनाही ते घातकच आहे. मेलेले उंदीर वेचून खोल पुरावेत. उंदरांवर जगणारी धामण व गव्हाणी घुबड यांना मारू नये. त्यांचा पहारा रात्रंदिवस व विनावेतन चालतो.