खोगीर, तंग आणि एरंडेल

ट्युटोरियलमध्ये माझ्या निबंधाच्या समासात सरांनी लाल शाईने ‘खोगीरभरती’ असा शेरा मारला, तेव्हा वर्गात हशा पिकला. मला मात्र निराळेच हसू आले. आमच्या घरी खरेखुरे खोगीर आहे. त्याची भरती चिंध्याचुंध्यांचीच असते, पण ती एकसारखी बसली नाही तर घोड्याच्या पाठीला जखम होते. तेव्हा खोगिराची आणि त्यावरच्या चामड्याच्या साजाची थोडी हकीकत सांगावी, एवढाच या लेखनाचा प्रपंच.

आमचे आबा, म्हणजे आजोबा, सांगलीत टांगा हाकीत. टांगा गेला, पण एक घोडी त्यांनी राखली आहे. ती वरातीला, जत्रेला जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले. घोडी आम्ही वेळेवर हलवली; जीन, लगाम, मोहरकी, दुमची, सारा साज मात्र गोठ्यातच राहिला. परत आलो तेव्हा त्यावर बोटभर गाळ होता आणि आबा तापाने पडून होते. मी नववीत. मोठ्या हौसेने कढत पाण्यात धुण्याचा सोडा टाकला, खसाखसा घासले आणि ऊन पडताच सारे पत्र्यावर वाळत घातले. कसे लख्ख दिसत होते म्हणून सांगू!

पुढे एका वरातीच्या आदल्या दिवशी घोडीला फिरवायला म्हणून मी स्वार झालो. चार पावले गेलो असेन नसेन, तोच तंगाची वादी बकलापाशी पापडासारखी मोडली, जीन फिरले आणि मी रस्त्यावर! कोपर फुटले. आबांनी मोडलेला तुकडा हातात घेतला, वाकवून पाहिला आणि म्हणाले, “उद्या नवरदेव असता की रं हितं.” रागावले नाहीत, त्याचेच जास्त लागले.

माझे चुकले काय, हे मला नंतर समजले. कातडे म्हणजे बारीक तंतूंचे जाळे. कच्चे कातडे ओले राहिले तर कुजते आणि वाळले तर लाकूड होते. म्हणून ते बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. (हिरडा आपल्याच महाबळेश्वर-पाटणच्या रानातला. कोल्हापुरी चपलेचे कातडेही याच रीतीने कमावलेले.) त्यानंतर तंतूंमध्ये तेल मुरवतात, तेव्हा कुठे ते एकमेकांवरून सरकतात आणि वादी वाकते. मी सोड्याने ते तेल काढून टाकले, कढत पाण्याने कातडे आकसवले आणि उन्हाने तंतू एकमेकांना चिकटवले. लख्खपणा होता तो मेलेल्या कातड्याचा.

आबांची रीत साधी आहे. घाम वाळला की त्यातले मीठ कातड्यात राहते, म्हणून घोडी परतली की लगेच घामाची बाजू गार पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसायची. मळ असेल तर ग्लिसरीनचा साबण, तोही फडक्याला. बादलीत बुचकळणे नाही. सावलीत वाळवायचे, चुलीजवळ कधीही नाही. किंचित ओल असतानाच कोमट एरंडेल बोटांनी चोळायचे, मांसाकडच्या खरबरीत बाजूने अधिक. स्वयंपाकघरातले करडईचे तेल मी एकदा लावू पाहिले, तर आबांनी हात धरला. ते हवेने सुकून चिकट पापुद्रा धरते आणि कातडे ताठरते. एरंडेलही फार झाले तर वादी ढिली पडून ताणते. आणि पितळी बकलाशी तेल साचले की हिरवी कीट चढते, ती खरवडून काढावी लागते. लगामाची तोंडातली कडी मात्र नुसत्या पाण्याने धुवायची. साबणाची चव आपल्याला तरी आवडेल का?

आषाढ-श्रावणात बुरशीचा निराळाच त्रास. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले की ती हटकून येते. वारा लागेल असे टांगावे आणि बुरशी आलीच तर घराबाहेर नेऊन पुसावी. सर्वांत महत्त्वाची तपासणी बकलाच्या घडीत आणि टाक्यांत. कातडे शाबूत दिसते, पण आतला दोरा कुजलेला असतो. आबा दर आठवड्याला प्रत्येक वादी उलटी वाकवून पाहतात. भेग दिसली की ती वादी बाद. तिला तेल पाजून उपयोग नाही.

माउलींच्या पालखीचे अश्व अंकलीहून निघतात आणि मिरज, सांगलवाडीवरून आळंदीला जातात. पुढे पालखी सातारा जिल्ह्यात आली की चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. या सोहळ्याला आजचे रूप देणारे हैबतबाबा साताऱ्याकडच्याच आरफळचे. दोन अश्वांपैकी एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसरा माउलींचा, त्याच्या पाठीवर कोणी बसत नाही. आम्ही दरवर्षी दर्शनाला जातो. लोक अश्वाच्या पायांखालची माती कपाळी लावतात. आबाही लावतात, पण वाकून उठताना त्यांची नजर आधी त्या रिकाम्या जिनाच्या तंगाकडे जाते, बकलापाशी.