भाषणात खरी गोष्ट कशी सांगावी? तरुण वक्त्यांसाठी काही सूचना

जयंती असो, धम्मचक्र प्रवर्तन दिन असो की महापरिनिर्वाण दिन, आता वस्तीवस्तीतले तरुण-तरुणी हातात माइक घेऊन बोलू लागले आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. पण बरीचशी भाषणे एकसारखीच होतात. आधी व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावे, मग महामानव, विश्वरत्न, प्रज्ञासूर्य ही विशेषणे, शेवटी घोषणा. टाळ्या मिळतात, पण घरी गेल्यावर वक्ता नेमके काय बोलला हे कुणाला सांगता येत नाही.

म्हणून नव्या वक्त्यांची तयारी करून घेताना आम्ही एकच आग्रह धरतो. एक खरी घटना निवडा, ती तपासा आणि तपशिलासह सांगा.

बाबासाहेबांकडून शिकू या

स्वतःचा अनुभव कसा सांगावा याचा उत्तम नमुना म्हणजे बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटे आत्मकथन. त्यातला पहिलाच प्रसंग १९०१ सालचा आहे. वडील कोरेगावला नोकरीत होते. त्यांना भेटायला बाबासाहेब, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले साताऱ्याहून रेल्वेने निघाली. मसूर स्टेशनवर उतरली तर न्यायला कुणीच आले नव्हते. चांगल्या कपड्यांतली मुले पाहून स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली. जात कळताच त्याचा चेहरा बदलला. गाडीवाला मिळेना. अखेर दुप्पट भाडे देऊन, मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने चालायचे, असे ठरले. रात्र झाली. डबे भरलेले होते, पण प्यायला पाणी कुणी देईना. मुले उपाशीच झोपली.

या प्रसंगात बाबासाहेब कुणाला शिव्या देत नाहीत, स्वतःची कीव करत नाहीत. ते फक्त घडले ते क्रमाने सांगतात. भरलेला डबा आणि नसलेले पाणी एवढ्यातच अस्पृश्यता म्हणजे काय ते ऐकणाऱ्याला कळते. 'अमानुष', 'भयंकर' असे शब्द वापरायची गरजच उरत नाही.

हा प्रसंग सांगणारे अनेक वक्ते महूच्या जन्मापासून सुरुवात करतात आणि मसूरला पोहोचेपर्यंत वेळ संपते. आम्ही सांगतो, स्टेशनवरूनच सुरुवात करा. मुले किती, वेळ कोणती, सोबत काय होते, एवढे सांगितले की श्रोता तुमच्याबरोबर त्या फलाटावर उभा राहतो.

तपासल्याशिवाय बोलू नका

आपण पंचशील घेतो तेव्हा खोटे बोलण्यापासून अलिप्त राहण्याचे वचनही देतो. माइकसमोर ते सुटत नाही. राहुलाला सत्याचे महत्त्व समजावताना तथागतांनी भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवले, ते फेकून दिले, भांडे पालथे केले आणि जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रमणपण असेच रिकामे असते हे पटवून दिले. समोरच्या साध्या वस्तूवरून मोठी गोष्ट कशी सांगावी, हेही त्यातून शिकता येते.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला प्रसंग किंवा बाबासाहेबांच्या नावावर फिरणारे वाक्य कितीही आवडले तरी तीन प्रश्न विचारा. हे कुठे छापले आहे? कुणी पाहिले किंवा ऐकले? तारीख आणि ठिकाण जुळते का? महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड, चांगदेव खैरमोडे यांनी लिहिलेले चरित्र, 'बहिष्कृत भारत'चे अंक ही साधने आपल्याकडे आहेत. त्यात सापडले नाही तर ते भाषणातून काढून टाका.

एक नेहमीचा घोळ पाहा. चवदार तळ्याचे पाणी घेतले ते २० मार्च १९२७ रोजी. मनुस्मृतीचे दहन झाले ते २५ डिसेंबर १९२७ रोजी. दोन्ही घटना महाडच्याच, पण मध्ये नऊ महिने आहेत. भाषणात मात्र त्या एकाच दिवसात उरकल्या जातात. तसेच रमाईंच्या तोंडी मनाचे संवाद घालून लोकांना रडवायची सवय सोडली पाहिजे. रमाईंचे कष्ट खरे होते, त्यांना आपल्या रंगवण्याची गरज नाही. आपली एक बनावट कथा उघडी पडली की आपल्या दहा खऱ्या घटनांवरही शंका घेतली जाते. विरोधकांना तेच हवे असते.

घरातली गोष्ट आणि तिची मर्यादा

इतिहास फक्त ग्रंथात नसतो. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना प्रत्यक्ष भेटून, त्यांच्या आठवणी नोंदवून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. हे काम आपल्या घरातही करता येते. १४ ऑक्टोबर १९५६ ला घरातले कुणी नागपूरला गेले होते का? कसे गेले, सोबत भाकरी काय बांधली होती, परतल्यावर घरातले देव कुठे गेले? आजीला, मोठ्या आईला असे छोटे प्रश्न विचारा. 'चळवळीविषयी सांगा' असे विचारले तर त्या गप्प बसतील. आठवणीत तारीख चुकू शकते, म्हणून मंचावर 'आजी सांगते' असे म्हणा.

शिकवणाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे. कुणालाही स्वतःचा अपमान मंचावर सांगायला भाग पाडू नये. काही वेळा वर्गात सांगितलेले दुःख 'हेच बोल, लोक हेलावतील' म्हणून मुलीच्या गळी उतरवले जाते. काय सांगायचे आणि काय स्वतःजवळ ठेवायचे, हे तिनेच ठरवायचे. अत्याचारपीडित कुटुंबाविषयी बोलायचे असेल तर त्यांची संमती घ्या. संमती नसेल तर नाव, गाव, ओळख पटेल असा तपशील टाळा. लोकांना हेलावण्यासाठी कुणाची जखम उघडी करणे ही करुणा नव्हे.

सराव असा करा

दोघा-दोघांच्या जोड्या करा. कागद बाजूला ठेवून पाच मिनिटांत गोष्ट सांगा. मग ऐकणाऱ्याने तीच गोष्ट परत सांगावी. त्याला जे आठवले ते भाषणात राहते, जे आठवले नाही ते छाटायचे किंवा अधिक स्पष्ट करायचे. ठिकाण आणि काळ पहिल्या दोन वाक्यांत येऊ द्या. आपल्या घरच्या बोलीतच बोला, वऱ्हाडी असो की मालवणी. आवाज चढवायचाच असेल तर एकदाच आणि योग्य जागी.

शेवटी गोष्ट आजच्या प्रश्नाशी जोडा. पाण्याची गोष्ट सांगितलीत, तर आपल्या गावात आज सगळे एकाच विहिरीवर जातात का, हे विचारा. शिष्यवृत्ती अडली आहे का, वसतिगृहाची अवस्था काय, यावर श्रोत्यांनी उद्या काय करायचे ते एका वाक्यात सांगा आणि खाली बसा.

पुढच्या जयंतीला अजून वेळ आहे. तोवर एक प्रसंग मुळातून वाचा आणि घरातल्या एका ज्येष्ठाशी बोला. पाच मिनिटांच्या भाषणाला एवढी तयारी पुरते.

जय भीम!