पाळीव साप आणि घरातील लहान मूल : धोक्याचे स्वरूप आणि पालकांची जबाबदारी

प्रस्तावना :

मराठी लोकजीवनात सापाला पूजेचे स्थान आहे. नागपंचमीला वारुळाची पूजा होते, त्या दिवशी शेतकरी जमीन नांगरत नाही आणि गृहिणी चिरणे-कापणे टाळते. तथापि हा आदर वारुळापाशी व शेताच्या बांधापाशी व्यक्त होतो; घरात निघालेला साप हे मात्र संकटच मानले जाते. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आदी देशांत परिस्थिती वेगळी आहे. तेथे काचेच्या पेटीत बिनविषारी साप पाळणे हा अनेक दशकांपासून रूढ असलेला छंद असून दुकानांतून असे साप उघडपणे विकले जातात. त्या देशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही हे प्राणी मित्रांच्या घरी व शाळांच्या प्रदर्शनांत पाहतात आणि आपल्यालाही साप हवा असा हट्ट धरतात. भारतातही विदेशी साप चोरट्या मार्गाने येत असल्याचे उघड झाले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबई विमानतळावर आलेल्या एका प्रवाशाच्या सामानातून बॉल पायथन व कॉर्न स्नेक या जातींचे साप जप्त करण्यात आले होते.

अशा वेळी पालकांच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो चाव्याचा. बालवैद्यक व सार्वजनिक आरोग्य या क्षेत्रांतील अनुभव मात्र वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधतो. त्याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उद्दिष्टे :

१) पाळीव सापांपासून लहान मुलांना संभवणाऱ्या धोक्यांचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) त्यांपैकी कोणता धोका अधिक व्यापक आहे, याची मीमांसा करणे.
३) भारतातील कायदेशीर स्थिती आणि महाराष्ट्रातील संबंधित प्रश्न यांचा विचार करणे.

अभ्यासपद्धती :

सदर लेख दुय्यम साधनांवर आधारित असून त्यात वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. 'लहान मूल' ही संज्ञा प्रामुख्याने पाच वर्षांखालील मुलांसाठी वापरली आहे.

पाळीव सापांचे स्वरूप :

पाळण्यासाठी सर्वाधिक पसंती असलेल्या जातींत बॉल पायथन व कॉर्न स्नेक यांचा समावेश होतो. बॉल पायथन हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील लहान अजगर होय. पूर्ण वाढ झाल्यावर त्याची लांबी साधारणतः तीन ते पाच फूट भरते. भ्याल्यावर तो डोके आत घेऊन अंगाचा चेंडू करतो, त्यावरूनच त्याला हे नाव मिळाले. कॉर्न स्नेक हा उत्तर अमेरिकेतील सडपातळ साप आहे. दोन्ही जाती बिनविषारी व शांत स्वभावाच्या आहेत. भक्ष्याचा वास हाताला लागलेला असताना किंवा कात टाकण्याच्या सुमारास डिवचले गेल्यास हे साप चावू शकतात. परंतु अशा जखमा बहुधा वरवरच्या असतात.

येथे आयुर्मर्यादेचा मुद्दा विचारात घ्यावा लागतो. बॉल पायथन पाळीव अवस्थेत वीस ते तीस वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक जगतो. सहा वर्षांच्या मुलासाठी आणलेला साप ते मूल पदवीधर होऊन नोकरीस लागेपर्यंत घरात असू शकतो. पेटीतील उष्णता थर्मोस्टॅटद्वारे नियंत्रित ठेवणे, लपण्यास आडोसा देणे, योग्य अंतराने उंदीर खाऊ घालणे आणि विष्ठा वेळेवर काढणे ही कामे इतका काळ कोणी तरी प्रौढ व्यक्तीनेच करावी लागतात. म्हणजे साप मुलाच्या नावाने आला, तरी त्याची व्यवस्था पालकांकडेच राहते.

मोठ्या अजगरांचा धोका :

बर्मी अजगर, आफ्रिकी रॉक पायथन यांसारख्या मोठ्या जातींची गोष्ट निराळी आहे. हे साप भक्ष्याभोवती वेटोळे घालून ते आवळतात. त्या दाबाने रक्ताभिसरण खंडित होऊन भक्ष्याचा मृत्यू ओढवतो. लहान मुलाचे वजन अशा अजगराच्या नैसर्गिक भक्ष्याइतके असल्याने मुलांना असणारा धोका वास्तविक आहे.

जुलै २००९ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एका घरातील सुमारे साडेआठ फूट लांबीचा बर्मी अजगर रात्री पेटीबाहेर आला आणि त्याने पाळण्यात झोपलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. त्या अजगरास पुरेसे अन्न मिळालेले नव्हते आणि त्याची पेटीही सुरक्षित नव्हती. २०११ मध्ये घरातील दोघा प्रौढांना न्यायालयाने दोषी ठरवले. ऑगस्ट २०१३ मध्ये कॅनडातील कॅम्पबेलटन येथे प्राणिविक्रीच्या दुकानावरील निवासस्थानात ठेवलेला आफ्रिकी रॉक पायथन वायुवीजनाच्या नळीतून निसटला आणि छतातून खाली आला. तेथे मुक्कामास आलेली चार व सहा वर्षांची दोन भावंडे त्या रात्री मृत्युमुखी पडली. या प्रकरणातील मालकाची २०१६ मध्ये फौजदारी आरोपातून निर्दोष मुक्तता झाली.

या दोन्ही घटनांत साप रात्री, सर्व जण निद्रिस्त असताना बाहेर पडला. 'मोठ्यांच्या देखरेखीखालीच मुलांना साप हाताळू देऊ' हा नियम अशा प्रसंगी निरुपयोगी ठरतो. त्यामुळे मोठ्या जातींचे अजगर लहान मुलांच्या घरात असूच नयेत, हा एकच सुरक्षित पर्याय उरतो. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकी शासनाने बर्मी अजगरासह चार मोठ्या जातींच्या आयातीवर बंदी जाहीर केली. मात्र त्यामागे मुख्य कारण फ्लोरिडातील वन्यजीवांना होणारा उपद्रव हे होते.

साल्मोनेला : न दिसणारा धोका :

अशा घटना भीषण असल्या तरी अत्यंत विरळ आहेत. त्यांच्या तुलनेत कितीतरी व्यापक असलेला धोका साल्मोनेला या जिवाणूचा आहे. या जिवाणूचे अडीच हजारांहून अधिक उपप्रकार ज्ञात आहेत. साप, सरडे, कासवे इत्यादी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यांत तो नैसर्गिकरीत्या वास करतो आणि त्यांना बहुधा कोणताही त्रास देत नाही. निरोगी, तुकतुकीत दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेतूनही तो बाहेर पडतो. तो सतत बाहेर पडत नसल्याने एखाद्या तपासणीत आढळला नाही, म्हणून साप जंतुमुक्त आहे असे अनुमान काढता येत नाही. प्रतिजैविके देऊन सापाच्या शरीरातून त्याचे कायमचे उच्चाटन करणेही शक्य होत नाही.

अमेरिकेतील १९९६-९७ च्या माहितीवर आधारलेला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. सरपटणारे प्राणी व उभयचर यांच्या संपर्कामुळे त्या देशात दरवर्षी सुमारे ७४,००० व्यक्तींना साल्मोनेलाचा संसर्ग होतो, असा अंदाज त्यात मांडला आहे. एकूण तुरळक संसर्गांत हे प्रमाण ६ टक्के, तर २१ वर्षांखालील वयोगटात ११ टक्के होते. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात २०१० ते २०१३ या काळात पाच वर्षांखालील साल्मोनेलाबाधित मुलांचा अभ्यास झाला. त्यांपैकी २७ टक्के मुलांचा सरपटणाऱ्या प्राण्यांशी संपर्क आलेला होता. या मुलांचे मध्यक वय अवघे सहा महिने होते आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाणही त्यांच्यात इतर बाधित मुलांपेक्षा अधिक होते.

सहा महिन्यांचे मूल साप हातात धरत नाही. मग संसर्ग होतो कसा? सापाच्या अंगावरील व पेटीतील जंतू प्रथम प्रौढांच्या हातांना, कपड्यांना लागतात आणि तेथून बाळाच्या दुधाच्या बाटलीपर्यंत, पाळण्यापर्यंत पोहोचतात. पेटीतील पाण्याचे भांडे स्वयंपाकघरातील मोरीत धुतले जाते, सापाला मोकळे सोडलेल्या जमिनीवर बाळ रांगते, आणि रांगणारे मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालते. १९९६ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथील प्राणिसंग्रहालयात कोमोडो ड्रॅगन या महाकाय सरड्याच्या प्रदर्शनानंतर अनेक मुलांना हा संसर्ग झाला. त्या मुलांनी सरड्याला नव्हे, तर त्याच्या कुंपणाच्या लाकडी कठड्याला हात लावला होता. पाहणीनंतर हात धुतलेल्या मुलांत संसर्गाची शक्यता कमी आढळली, हेही नोंद घेण्याजोगे आहे.

याच साखळीतील आणखी एक दुवा सापाच्या खाद्याचा आहे. पाळीव सापांना बहुधा गोठवलेले उंदीर दिले जातात आणि ते घरातील शीतपेटीत ठेवले जातात. गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही. ब्रिटनमध्ये २०१५ पासून अशा उंदरांशी निगडित असलेला मोठा उद्रेक नोंदला गेला असून त्यात शेकडो व्यक्ती बाधित झाल्या आणि त्यांत लहान मुलांची संख्या लक्षणीय होती.

प्रौढ व्यक्तीस या संसर्गाने काही दिवस ताप, पोटदुखी व जुलाब होतात आणि बहुतेकदा विशेष उपचारांविना आराम पडतो. अर्भकाची स्थिती तशी नसते. त्याच्या जठरातील आम्लता कमी आणि प्रतिकारशक्ती अपक्व असते. त्यामुळे जिवाणू आतड्याची मर्यादा ओलांडून रक्तात उतरण्याची व क्वचित मेंदूच्या आवरणाचा दाह निर्माण करण्याची शक्यता वाढते. जुलाबांमुळे शरीरातील पाणी कमी होण्याचा धोकाही बाळांना अधिक असतो. या कारणांमुळे अमेरिकेतील रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्र आणि तेथील बालरोगतज्ज्ञांची संघटना, या दोहोंनी पाच वर्षांखालील मूल असलेल्या घरात सरपटणारे प्राणी पाळू नयेत असा सल्ला दिला आहे. घरातील गर्भवती स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती दुर्बल असलेल्या व्यक्ती यांच्याबाबतही हीच सावधगिरी आवश्यक ठरते.

भारतातील कायदेशीर स्थिती :

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये नाग, घोणस, धामण, अजगर इत्यादी भारतीय सापांना संरक्षण असून त्यांना पकडून घरी पाळणे हा गुन्हा आहे. साप विषारी की बिनविषारी, यावर हा निर्बंध अवलंबून नाही. विदेशी जातींबाबत दीर्घकाळ स्पष्टता नव्हती. २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या परिशिष्टांतील प्राण्यांसाठी स्वतंत्र अनुसूची जोडली आणि २०२४ च्या नियमांनी असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक केली. बॉल पायथन या करारात समाविष्ट आहे. ही नोंदणी ताबा कायदेशीर ठरवण्यापुरती असते. तिच्यामुळे बाळाच्या आरोग्याची हमी मिळत नाही.

महाराष्ट्राच्या संदर्भात :

महाराष्ट्रातील सर्वसामान्य घरात साप पाळला जात नाही; म्हणून हा विषय परका ठरतो काय? तसे म्हणता येणार नाही. पहिले कारण कासवाचे. शोभिवंत माशांच्या दुकानांतून मिळणारे, कानापाशी लाल पट्टा असलेले इवलेसे विदेशी कासव अनेक घरांत मुलांसाठी किंवा शुभचिन्ह म्हणून ठेवले जाते. साल्मोनेलाच्या दृष्टीने साप व कासव यांत तत्त्वतः भेद नाही. मुलांमधील संसर्गामुळेच अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. सापाच्या नावाने दचकणारे पालक कासवाचे पाणी निर्धास्तपणे मोरीत ओततात, ही विसंगती लक्षात आणून देणे आवश्यक आहे.

दुसरे कारण सर्पमित्रांचे. वस्तीतून पकडलेला साप सोडण्यापूर्वी काही काळ बरणीत वा पिशवीत घरी ठेवला गेल्यास, त्या घरातील मुलांना विष व जंतू असा दुहेरी धोका संभवतो. शाळा-महाविद्यालयांतील प्रबोधनाच्या कार्यक्रमांत जिवंत साप मुलांच्या हाती देणेही याच कारणास्तव अयोग्य होय. शिवाय हाताळलेला साप निरुपद्रवी होता या अनुभवावरून मूल सर्वच सापांविषयी तसा समज करून घेऊ शकते. कवड्या हा बिनविषारी साप आणि मण्यार हा अतिविषारी साप यांतील फरक ओळखताना प्रौढांचीही गफलत होते; तेथे चार वर्षांच्या मुलाकडून विवेकाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. परदेशात सापाशी खेळलेले मूल सुट्टीत गावी येते, तेव्हा हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो.

निष्कर्ष व सूचना :

१) लहान, बिनविषारी पाळीव सापाच्या चाव्यापेक्षा त्याच्याकडून होणारा साल्मोनेलाचा संसर्ग हा बालकांना असलेला अधिक व्यापक धोका आहे.
२) हा संसर्ग प्रत्यक्ष स्पर्शाविना होऊ शकतो. म्हणून 'बाळाला सापाजवळ नेत नाही' एवढी दक्षता पुरेशी नाही. पाच वर्षांखालील मूल असेपर्यंत साप, सरडा वा कासव घरात आणू नये.
३) ज्या घरात असा प्राणी आधीपासून आहे व बाळ येऊ घातले आहे, तेथे प्राण्याची सोय कायदेशीर मार्गाने अन्यत्र करावी. त्याला उघड्यावर सोडून देऊ नये.
४) मोठ्या मुलांच्या बाबतीत कुलूपबंद पेटी, हाताळणीनंतर साबणाने हात धुणे, पेटीची भांडी व खाद्य स्वयंपाकघरापासून दूर ठेवणे हे किमान नियम पाळावेत. मोठ्या जातींचे अजगर मात्र कोणत्याही वयाच्या मुलांच्या घरात ठेवू नयेत.
५) बाळास ताप व जुलाब झाल्यास घरात सरपटणारा प्राणी असल्याची माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी. ती न दिल्यास निदानास विलंब होऊ शकतो.

मुलांना सापाविषयी कुतूहल वाटणे स्वागतार्ह आहे. भीतीपोटी दिसेल तो साप ठेचणाऱ्या समाजात तर ते जोपासलेच पाहिजे. पुण्याच्या कात्रज येथील सर्पोद्यानासारख्या ठिकाणी काचेपलीकडचा साप पाहून, चित्रांवरून त्याच्या जाती ओळखून ते कुतूहल उत्तम प्रकारे वाढवता येते. पाच वर्षांनंतर मुलाचे शरीर आणि समज दोन्ही अधिक परिपक्व होतात. तोवर थांबण्याने मुलाच्या ज्ञानात काहीही उणे पडत नाही, आणि बाळाचे आरोग्य मात्र सुरक्षित राहते.