परिवर्तित इलेक्ट्रॉनिक वाद्यांची लोकसंगीत स्पर्धा : दीपनगर वसाहतीच्या संदर्भात आयोजनविचार

प्रस्तावना :

महाविद्यालयीन युवक महोत्सवांतील संगीताचे विभाग बहुतांशी ठरलेले असतात. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा 'युवारंग' महोत्सव आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. अशा महोत्सवांत गायन आणि वादन यांची परीक्षा होते. परंतु वाजविणाऱ्याने आपले वाद्य स्वतः घडवावे, अशी अपेक्षा सहसा नसते. वाद्य विकत आणलेले असते अथवा वारशाने आलेले असते. परिणामी ज्यांच्या घरी पेटी, तबला वा कीबोर्ड नाही, असा विद्यार्थी या विभागांकडे फिरकत नाही. जुन्या विद्युत खेळण्यांत फेरफार करून घडविलेल्या वाद्यांची स्पर्धा ही उणीव काही अंशी भरून काढू शकते. अशी स्पर्धा दीपनगरसारख्या वसाहतीत कशी घ्यावी, तिची नियमावली कशी असावी आणि त्यात कोणते धोके संभवतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना व पूर्वपीठिका :

बॅटरीवर चालणारे खेळणे, लहान कीबोर्ड किंवा बोलणारी बाहुली यांच्या आतील मंडलावर मूळ रचनेत नसलेल्या जोडण्या करून नवे ध्वनी मिळविणे, यास 'सर्किट बेंडिंग' असे म्हणतात. अमेरिकेतील रीड गझाला यांच्या मेजाच्या खणात 1966-67 च्या सुमारास एका खेळण्यातील ध्वनिवर्धकाचे मंडल धातूच्या वस्तूस टेकले आणि त्यातून अनपेक्षित स्वर निघू लागले. त्या अपघातातून त्यांनी पद्धत विकसित केली व 1992 मध्ये तिला हे नाव दिले. न्यूयॉर्क येथे 2004 पासून 'बेंट फेस्टिव्हल' भरू लागला. तो महोत्सव होता, स्पर्धा नव्हे. स्पर्धेचे उदाहरण अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेच्या 'गथमन' स्पर्धेत आढळते. तेथे नव्याने घडविलेल्या वाद्यांचे परीक्षण संगीतात्मकता, रचना आणि अभियांत्रिकी या तिन्ही अंगांनी केले जाते.

भारतातही इलेक्ट्रॉनिक ध्वनीचा प्रयोग नवा नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 मध्ये डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझर बसविण्यात आला आणि गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर आदींनी त्यावर रचना केल्या. तो प्रयोग संस्थेच्या चार भिंतींत राहिला. लोकव्यवहारातील उदाहरण अधिक बोलके आहे. जपानमधील नागोया येथे 1912 मध्ये निर्माण झालेले 'ताइशोगोतो' हे तंतुवाद्य भारतात बुलबुल तरंग झाले, महाराष्ट्रात 'बेंजो' या नावाने रुळले आणि विजेची जोड मिळताच मिरवणुकीच्या गोंगाटावर मात करू लागले. खानदेशच्या पश्चिम भागातील पावरी हे वाद्यही वादक भोपळा, बांबूच्या नळ्या व मेण यांपासून घडवितात. हाताशी असलेल्या वस्तूतून वाद्य उभे करण्याची रीत आपल्याकडे आहेच. प्रस्तावित स्पर्धेत केवळ सामग्री बदलते.

दीपनगरची अनुकूलता :

दीपनगर ही भुसावळ औष्णिक विद्युत केंद्राची वसाहत. हे केंद्र पूर्वी राज्य विद्युत मंडळाकडे होते. 2005 मधील विभाजनानंतर ते महानिर्मिती कंपनीकडे आले. या वसाहतीत विजेचे तंत्र जाणणारे अभियंते व तंत्रज्ञ घरोघरी भेटतात, तर आसपासच्या गावांत लग्नाच्या वरातीत कीबोर्ड व ऑक्टोपॅड वाजविणारे बॅण्डवादक आहेत. जळगाव व भुसावळच्या भंगार बाजारात मोडकी खेळणी वजनावर मिळतात. जाणकार, वादक आणि सामग्री ही तिन्ही काही मैलांच्या परिघात असून त्यांना एकत्र आणण्याचे कार्य महाविद्यालय करू शकते.

पूर्वतयारी :

स्पर्धेपूर्वी किमान दोन रविवारी कार्यशाळा घ्यावी. प्रत्येक संघास सारख्या किमतीची जुनी खेळणी आयोजकांनीच द्यावीत व वरखर्चास मर्यादा घालावी, म्हणजे स्पर्धा खिशाची होणार नाही. पहिला प्रयोग सोपा असतो. अनेक स्वस्त खेळण्यांत एका रोधकावर मंडलाची गती ठरते. त्या रोधकाच्या जागी फिरवून बदलता येणारा रोधक बसविला की स्वर व लय एकाच वेळी वर-खाली होतात. प्रकाशाने बदलणारा रोधक लावल्यास केवळ हाताच्या सावलीने स्वर हलतो. मंडलावरील दोन बिंदूंना बोटे टेकविल्यास शरीराचाच रोध मध्ये येतो आणि स्पर्शाच्या दाबाप्रमाणे ध्वनी पालटतो. मंडल मध्येच गोठले, तर बॅटरी काढून पुन्हा बसवावी लागते. काही खेळणी या प्रयत्नांत कायमची निकामी होतील, हे गृहीत धरावे आणि स्पर्धकांना तसे आधीच सांगावे.

सुरक्षितता :

या स्पर्धेतील सर्वांत गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा आहे. दीड व्होल्टच्या दोन ते चार सेलवर चालणारे उपकरणच ग्राह्य धरावे. भिंतीतील विजेवर चालणारे कोणतेही उपकरण उघडण्यास मनाई असावी. कॅमेऱ्याचा फ्लॅश आणि जुना चित्रवाणी संच यांतील संधारित्रांत वीज तोडल्यानंतरही शेकडो व्होल्टचा भार राहू शकतो. म्हणून ते कार्यशाळेत आणूच नयेत. झाळकामाच्या कथिलात शिसे असल्याने तेथे खाणेपिणे टाळावे व नंतर हात धुवावेत. लहान मुलांना झाळण्याऐवजी चिमट्याच्या तारा द्याव्यात.

एक धोका मात्र सहसा लक्षात येत नाही. बॅटरीवरील वाद्य निर्धोक आहे असे समजून ते तारेने मंडपातील ध्वनिवर्धकास जोडले जाते. तो ध्वनिवर्धक भिंतीतील विजेवर चालतो. त्यात बिघाड असेल व भूसंपर्कन सदोष असेल, तर तीच वीज तारेवाटे वाद्याच्या उघड्या स्पर्शबिंदूंपर्यंत, म्हणजे वादकाच्या बोटांपर्यंत पोहोचू शकते. कीबोर्डसारख्या वाद्यांत बोट व मंडल यांच्यामध्ये निदान प्लास्टिकची पट्टी असते. येथे तीही नसते. यास्तव वाद्य तारेने जोडू देऊ नये. वाद्याचा स्वतःचा लहान कर्णा वाजू द्यावा आणि त्यासमोर उभ्या दांडीवर ध्वनिग्राहक ठेवावा. वादकाने त्यास हात लावू नये. मंडपाच्या जोडणीवर 30 मिलिअँपिअरचे गळती-रोधक असावे व भूसंपर्कनाची तपासणी जाणकार तंत्रज्ञाने आदल्या दिवशीच करावी. सुरक्षिततेस गुण नसावेत. तपासणीत न उतरलेले वाद्य रंगमंचावर येऊच नये.

परीक्षणाचे निकष :

अशा स्पर्धेवर पहिला आक्षेप असा येतो की, हे संगीत नसून गोंगाट आहे. आक्षेप अगदीच निराधार नाही. या वाद्यांचे स्वर सप्तकात बसत नाहीत आणि पुष्कळसे ध्वनी योगायोगाने लाभलेले असतात. परीक्षकांनी केवळ चमत्कृतीस दाद दिली, तर जो अधिक कर्कश तो विजयी ठरेल. म्हणून योगायोग आणि प्रभुत्व यांतील भेद नियमावलीनेच स्पष्ट केला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक संघाने सुमारे अर्ध्या मिनिटाचा एक खंड वाजवावा व रचना संपल्यावर तोच खंड पुन्हा वाजवून दाखवावा. ज्याला आपला ध्वनी परत आणता येतो, त्याने तो ध्वनी खऱ्या अर्थाने आत्मसात केला आहे. सेल उतरल्यास स्वर ढळतो. म्हणून सर्वांना नवे सेल आयोजकांनी पुरवावेत. मंडल गोठल्यास एकदा पुनरारंभाची मुभा असावी.

गुणविभागणी पुढीलप्रमाणे करता येईल : खंडाची पुनरावृत्ती 30, रचना व लय 30, वाद्याची घडण 20 आणि आपण काय बदलले याचे मराठीत अथवा अहिराणीत स्पष्टीकरण 20. स्वर अनिश्चित असले तरी ताल निश्चित ठेवता येतो. म्हणून ढोलकी किंवा संबळ यांपैकी एका वाद्याची साथ घेऊ द्यावी. वादन परीक्षकांनी पडद्याआडून ऐकावे व वाद्य नंतर पाहावे. परीक्षक तीन असावेत : संगीताचे अध्यापक, इलेक्ट्रॉनिक्सचे अध्यापक आणि स्थानिक बॅण्डवादक. अपेक्षित दर्जा न आढळल्यास पारितोषिक राखून ठेवण्याचा अधिकार त्यांना असावा. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत 2022 मध्ये करंडक दिला गेला नाही; त्या निर्णयावर वाद झाला, तरी स्पर्धेच्या निकषांकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले.

ध्वनिमर्यादा व कचरा :

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी क्षेत्रात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा असून ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी आवश्यक आहे. पाळ्यांत काम करणाऱ्या वसाहतीत दिवसाही अनेक घरांत माणसे झोपलेली असतात. त्यामुळे मोकळ्या पटांगणापेक्षा सभागृह श्रेयस्कर. उरलेले सुटे भाग व सेल कचराकुंडीत न टाकता वेगळे गोळा करावेत आणि सुटे भाग ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, 2022 ला अनुसरून नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे पाठवावेत.

निष्कर्ष :

1. परिवर्तित वाद्यांची स्पर्धा अल्प खर्चात होऊ शकते आणि वाद्य विकत घेऊ न शकणाऱ्या विद्यार्थ्यास तीत समान संधी मिळते.

2. बॅटरीवरील वाद्य ध्वनिवर्धकास जोडल्यावर निर्धोक राहतेच असे नाही. हा नियम आयोजकांनी कोणत्याही कारणास्तव शिथिल करू नये.

3. पुनरावृत्तीच्या कसोटीमुळे गोंगाट व वादन यांतील सीमारेषा परीक्षकांच्या आवडीनिवडीवर अवलंबून राहत नाही.

4. भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स व संगीत या विभागांनी एकत्र येऊन घेण्याजोगा हा उपक्रम आहे. घरातील खेळणे उघडले म्हणून ज्या मुलाने आजवर बोलणी खाल्ली, त्याला त्या उघडण्यामागचे शास्त्र सांगण्याची आणि इतरांसमोर ते वाजवून दाखविण्याची संधी येथे मिळेल. अध्यापकांनी हा उपक्रम प्रथम आपल्या महाविद्यालयात लहान प्रमाणावर करून पाहावा व त्या अनुभवानुसार नियमावलीत सुधारणा करावी.