चादरीचा धूर

‘घरात आग लागली तर काय करशील?’ पहिलीतल्या मुलाला एकदा विचारून पाहा. माझ्या वर्गात बहुतेकांचे उत्तर एकच आले : ‘बाई, पलंगाखाली लपेन!’ घाबरलेले मूल लपते, आणि शोधणाऱ्याला ते धुरात दिसत नाही. ही खोड धाकाने जात नाही, खेळातून जाते.

आम्हां वाईकरांना आगीची दहशत ठाऊक आहे. २५ जानेवारी २००५ रोजी आमच्याच तालुक्यातील मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, दुकाने पेटली, गॅसच्या टाक्या फुटल्या. सुमारे ३०० जण गेले. त्याआधी १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणमला शाळेच्या स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागली नि ९४ मुले दगावली. त्याच दुर्घटनेवरून सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सांगितले की, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळाही येते. भिंतीवरची लाल नळकांडी हवीतच. पण ती सहा वर्षांच्या मुलासाठी नव्हेत. त्याने फक्त बाहेर पडायचे.

ते शिकवायला मला एक जुनी चादर पुरते. दोघी मुली ती कमरेच्या उंचीवर ताणून धरतात. चादर म्हणजे धूर. गरम धूर छताकडे चढतो, जमिनीलगत त्यातल्या त्यात बरी हवा उरते. म्हणून चादरीला डोके न लावता दारापर्यंत रांगायचे. बंद दार हाताच्या मागल्या बाजूने चाचपायचे. तापले असेल तर उघडायचे नाही. कपडे पेटले तर पळायचे नाही : थांबायचे, आडवे व्हायचे, तोंड झाकून लोळायचे. मग चिंचेखाली जमून हजेरी द्यायची. दप्तरासाठी मागे फिरणारा ‘बाद’!

एकदा एका चिमुरडीने विचारले, ‘बाई, धाकटा भाऊ आत राहिला तर?’ वर्ग गप्प झाला. मी म्हटले, ‘बाहेर येऊन मोठ्याने ओरडायचे, तो कुठे आहे ते मोठ्यांना सांगायचे. तू आत जायचे नाहीस.’ तिला ते पटले नाही. सांगताना मलाही जड गेले. पण सांगणे भागच होते.

१४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीतील स्फोटात बळी गेलेल्या अग्निशमन जवानांची ती स्मृती. पण ते दिवस परीक्षांचे, म्हणून मी हा खेळ जूनमध्येच घेते. तुम्ही मात्र शाळेची वाट पाहू नका. चादर काढा, मुलांबरोबर स्वतःही रांगा, घराबाहेर जमायची जागा ठरवा आणि १०१ हा क्रमांक पाठ करून घ्या.