अनंताची पिवळी पानं

राजापूरचं घर बंद करून सासूबाई कायमच्या पुण्याला आल्या, तेव्हा त्यांच्यासोबत एक ट्रंक, देव आणि जुन्या डब्यात रोवलेली अनंताची फांदी होती. "अंगणातलं झाड काही आणता येईना," एवढंच त्या म्हणाल्या.

फांदीनं पावसाळ्यात मूळ धरलं होतं. आम्ही ती गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत लावली. अनंत म्हणजे बारमाही हिरवं झुडूप. पानं गडद, तुकतुकीत. फुलं पांढरीशुभ्र उमलतात आणि मग हळूहळू लोण्यासारखी पिवळसर होतात. आमच्याकडे मात्र पिवळी पडली ती पानंच! कोवळ्या पानाच्या शिरा तेवढ्या हिरव्या, बाकी पान हळदीसारखं. कळ्या उमलायच्या आधीच गळायच्या. सासूबाई काही बोलत नसत, पण चहाचा कप घेऊन कुंडीपाशीच बसत. एका नर्सरीवाल्यानं खत वाढवायला सांगितलं. तेही केलं, फरक शून्य.

मग वाचून-विचारून कळलं, की अनंताला आम्लधर्मी माती लागते. कोकणातली पावसानं धुतलेली जांभ्याची माती तशीच असते. आमच्या कुंडीत काळी, चुनखडीची माती आणि वर बोअरचं जड पाणी. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, म्हणून नवं पान पिवळं पडतं.

आणखी एक कारण होतं, पण ते बोलायची पंचाईत. सासूबाई खालच्या इस्त्रीवाल्याकडून राख आणून कुंडीत घालत. कोकणच्या आंबट मातीला राख मानवते. इथे ती म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. शेवटी धीर करून म्हटलं, "आई, राख नको घालूया."

"अगं, माझ्या सासूनं घातली, मी घातली. झाड फुलायचं थांबलं नाही कधी!"

त्यांचं खोटं नव्हतंच. मी बोअरच्या पाण्यानं बादलीला धरलेला पांढरा थर दाखवला. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "मग काय घालतेस?"

दोघींनी मिळून कुंडी बदलली. लाल माती, कुजलेला पाला, थोडा नारळाचा भुसा. महिन्यातून एकदा लिटरभर पाण्यात पाव चमचा हिराकस. (फरशीवर सांडू नका, तांबडा डाग जाता जात नाही.) पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवलं. सकाळचं ऊन, दुपारी आडोसा. माती ओलसर, पण चिखल नाही. छाटणी बहर ओसरल्याबरोबर करायची; उशीर केला तर पुढच्या कळ्याच कापल्या जातात. जुनी पिवळी पानं पुरती सुधारत नाहीत, नजर नव्या पालवीवर ठेवावी.

ती हिरवी आली. यंदा चार फुलं आली. दोन देवाला, एक त्यांच्या अंबाड्यात, एक त्यांनी माझ्या केसांत खोचलं.

इस्त्रीवाला अजूनही राखेची पुडी बांधून ठेवतो. सासूबाई ती घेऊन येतात आणि मुकाट्यानं भांडी घासायच्या मोरीत ठेवतात.