एडिटिंगचं सॉफ्टवेअर विकत घ्यायचंय? पैसे भरण्याआधी हा हिशोब मांडा

रील्स टाकायला लागून पाच-सहा महिने झाले, थोडेफार फॉलोअर्स जमले, की एक प्रश्न हमखास पडतो. मोबाईलवरचं एडिटिंग सोडून आता लॅपटॉपवर जायचं का? आणि जायचं तर कोणतं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं?

यूट्यूबवर शोधलं की गोंधळ वाढतो. एक जण म्हणतो प्रीमियर प्रो, दुसरा म्हणतो दाविंची रिझॉल्व्ह, तिसरा फिल्मोराची लिंक देतो आणि सोबत डिस्काउंटचं कूपनही. अशा लिंकवरून कुणी खरेदी केली तर बऱ्याचदा सांगणाऱ्याला कमिशन मिळतं, त्यामुळे सल्ला आणि जाहिरात यातला फरक ओळखणं अवघड होऊन बसतं.

म्हणून 'बेस्ट सॉफ्टवेअर कोणतं' हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. आपल्याला काय अडतंय आणि त्यासाठी नेमके कशाचे पैसे भरायचे, ते आधी बघू.

फुकटात काय काय मिळतं?

कापणं, जोडणं, गाणं लावणं, अक्षरं टाकणं, रंग थोडे खुलवणं. सुरुवातीच्या व्हिडिओंना एवढंच लागतं आणि हे सगळं मोफत सॉफ्टवेअरमध्ये होतं.

मोबाईलवर मेटाने एप्रिल 2025 मध्ये आणलेलं 'एडिट्स' आहे. विंडोजच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचं क्लिपचॅम्प आहे, त्यातून 1080p व्हिडिओ वॉटरमार्कशिवाय बाहेर काढता येतो. मॅकवर आयमूव्ही असतंच. केडेनलाईव्ह आणि शॉटकट ही तर ओपन सोर्स सॉफ्टवेअर्स आहेत.

यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे दाविंची रिझॉल्व्ह. ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइन या कंपनीने दाविंची सिस्टिम्स ही कंपनी 2009 मध्ये विकत घेतली. सिनेमाच्या कलर ग्रेडिंगसाठी नावाजलेलं हे सॉफ्टवेअर आज मोफतही मिळतं. मोफत आवृत्तीतून 3840 बाय 2160 पर्यंतचा, सेकंदाला 60 फ्रेमचा व्हिडिओ एक्सपोर्ट होतो आणि त्यावर वॉटरमार्क येत नाही. फक्त 'स्टुडिओ' या पेड आवृत्तीतला एखादा इफेक्ट वापरला, तरच शिक्का उमटतो.

मग लोक पैसे का भरतात? रिझॉल्व्ह स्टुडिओमध्ये अंधारात शूट केलेल्या व्हिडिओतले दाणे काढायचं टूल आहे, एआयची साधनं आहेत, 4K च्या पुढचं एक्सपोर्ट आहे. फिल्मोराच्या मोफत आवृत्तीतून काढलेल्या व्हिडिओवर वॉटरमार्क येतो, तो घालवायला पैसे लागतात. प्रीमियर घेणाऱ्यांपैकी अनेकांना ज्या स्टुडिओत किंवा एजन्सीत काम करायचंय, तिथे प्रीमियरच चालतं. ही कारणं खरी आहेत. ती तुमची आहेत का, एवढंच तपासायचं.

भाड्याचं घर की स्वतःचं?

पेड सॉफ्टवेअर दोन प्रकारे विकलं जातं. एकात पैसे एकदाच भरायचे. दुसऱ्यात दर महिन्याला किंवा वर्षाला भरत राहायचं, म्हणजेच सबस्क्रिप्शन.

अ‍ॅडोबी आधी सॉफ्टवेअर कायमचं विकायची. 2013 मध्ये कंपनीने सीएस6 ही तशी शेवटची आवृत्ती असल्याचं जाहीर केलं आणि पुढचं सगळं सबस्क्रिप्शनवर गेलं. रिझॉल्व्ह स्टुडिओ मात्र एकदाच 295 डॉलर भरून घेता येतं, आणि कंपनीने गेली अनेक वर्षं नव्या आवृत्त्यांसाठी जुन्या ग्राहकांकडून वेगळे पैसे घेतलेले नाहीत. मॅकवर चालणारं फायनल कट प्रो हेही सुमारे 300 डॉलरला एकदाच विकत घेता येतं.

आता हिशोब मांडा. समजा, एक सॉफ्टवेअर महिन्याला 1,800 रुपयांना आहे आणि दुसरं एकदाच 30,000 रुपयांना. सोळा महिन्यांत पहिल्याचे 28,800 रुपये होतात. सतराव्या महिन्यात ते दुसऱ्याला मागे टाकतं, आणि तीन वर्षांत त्यावर 64,800 रुपये गेलेले असतात. पण फक्त चार महिन्यांचं काम असेल, तर 7,200 रुपयांत भागतं आणि तिथे भाडंच परवडतं.

या आकड्यांत 18 टक्के जीएसटी धरलाय का, तेही पाहा. 30,000 वर तो 5,400 रुपये होतो. किंमत डॉलरमध्ये असेल तर कार्डवरचं बँकेचं विदेशी चलनाचं शुल्क वेगळं.

सबस्क्रिप्शनचा अजून एक मुद्दा पैसे थांबवल्यावर कळतो. एक्सपोर्ट केलेले व्हिडिओ तुमचेच राहतात, पण प्रोजेक्ट फाईल उघडायला ते सॉफ्टवेअरच लागतं. वर्षभराने एखादा क्लायंट म्हणाला, 'त्या व्हिडिओतला फोन नंबर तेवढा बदलून द्या', तर पुन्हा महिन्याचे पैसे भरावे लागतात. म्हणून मूळ क्लिप्स, आवाजाच्या फाईल्स आणि अक्षरांशिवायची एक प्रत वेगळी जपून ठेवलेली बरी.

'दरमहा' म्हणजे दरमहाच असतं का?

नेहमी नाही. काही प्लॅनमध्ये पैसे महिन्याला कापले जातात, पण करार वर्षाचा असतो. मध्येच सोडलं तर दंड लागू शकतो. अमेरिकेत जून 2024 मध्ये फेडरल ट्रेड कमिशनच्या तक्रारीवरून न्याय विभागाने अ‍ॅडोबीवर याच मुद्द्यावर दावा दाखल केला. वर्षाचा करार मध्येच सोडल्यास भरावं लागणारं शुल्क ग्राहकांपासून लपवलं जातं, असा आरोप होता. कंपनीने तो नाकारला.

कुणाची बाजू बरोबर हा भाग वेगळा. आपण पैसे भरण्याआधी तीन गोष्टी वाचायच्या: करार किती काळाचा आहे, रद्द केल्यावर किती पैसे जातात आणि पैसे परत मिळण्याची मुदत किती दिवसांची आहे.

भारतात इथे एक नियम कामाला येतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑटो-डेबिटचे पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना मिळाली पाहिजे आणि तो व्यवहार थांबवायची सोयही असली पाहिजे. तो मेसेज जाहिरात समजून पुसून टाकू नका.

'लाइफटाइम' हा शब्दही तपासून घ्या. काही कंपन्यांत त्याचा अर्थ 'ही आवृत्ती कायमची' एवढाच असतो, पुढची आवृत्ती त्यात येत नाही. स्टॉक गाणी आणि एआय क्रेडिट्सही बऱ्याचदा वेगळी विकली जातात.

आणि कंपनीच बाजारातून गेली तर? 29 जून 2020 रोजी भारत सरकारने 59 अ‍ॅप्सवर बंदी घातली. त्यात टिकटॉकसोबत व्हिवाव्हिडिओ हे एडिटिंग अ‍ॅपही होतं. एका अ‍ॅपचे कित्येक वर्षांचे पैसे एकदम भरण्याआधी हे आठवलेलं बरं.

लॅपटॉपला झेपणार आहे का?

रिझॉल्व्हसाठी कंपनीच 16 जीबी रॅम सांगते, त्यातलं फ्यूजन वापरायचं तर 32 जीबी. तुमच्या लॅपटॉपमध्ये 8 जीबी असेल तर पेड आवृत्ती घेऊनही व्हिडिओ अडकतच राहणार.

अशा वेळी 'प्रॉक्सी' वापरून पाहा. प्रॉक्सी म्हणजे मूळ व्हिडिओची हलकी प्रत. एडिटिंग त्या प्रतीवर करायचं, शेवटी एक्सपोर्ट मूळ व्हिडिओतून होतं. प्रीमियर, फायनल कट आणि रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही ही सोय आहे. अनेकदा यानेच काम भागतं. नाहीच भागलं, तर तेच पैसे रॅमवर घातलेले जास्त उपयोगी पडतात.

मराठी अक्षरं नीट येतात का?

हे इंग्रजी रिव्ह्यूमध्ये सहसा सापडत नाही. ट्रायल आवृत्ती उघडा आणि टायटलमध्ये लिहा: 'दऱ्याखोऱ्यांतल्या स्त्रिया, किल्ल्यांची गोष्ट'. 'ऱ्या' तुटतंय का, 'स्त्रि'ची वेलांटी भलतीकडे जातेय का, जोडाक्षरांचे पाय मोडताहेत का ते बघा. प्रीमियरच्या अनेक आवृत्त्यांत यासाठी ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' हा पर्याय निवडावा लागतो.

आपोआप सबटायटल्स हवी असतील तर भाषांच्या यादीत मराठी शोधा. यादीत हिंदी आहे म्हणजे मराठी असेलच असं नाही.

मित्राकडचं क्रॅक का नको?

कायद्याचा प्रश्न तर आहेच, पण धोका थेट चॅनेललाही असतो. गूगलच्या सुरक्षा पथकाने ऑक्टोबर 2021 मध्ये यूट्यूबर्सवरच्या एका हल्ल्याची माहिती दिली होती. कोलॅबोरेशनच्या नावाखाली क्रिएटर्सना सॉफ्टवेअर डाउनलोड करायला लावायचं आणि त्यातून ब्राउझरमधल्या कुकीज चोरायच्या, अशी ती पद्धत होती. कुकी हाती लागली की चोराला पासवर्ड किंवा ओटीपी लागतच नाही, लॉगिन आधीच झालेलं असतं. अनोळखी साइटवरचं क्रॅक चालवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, तेव्हा आपण अशाच चोराला दार उघडून देत असतो.

मग ठरवायचं कसं?

मोफत सॉफ्टवेअरमध्ये पाच पूर्ण व्हिडिओ बनवा. बनवताना जिथे जिथे अडलात ते वहीत लिहून ठेवा. एकच अडचण तीनदा आली आणि ती पेड आवृत्तीतल्या एखाद्या टूलने सुटत असेल, तर त्या सॉफ्टवेअरची ट्रायल घ्या आणि स्वतःच्याच क्लिपवर करून बघा. 'शिकायला वेळ लागतोय' असं वहीत असेल तर पैसे भरू नका, कारण पेड सॉफ्टवेअरही शिकावंच लागतं.

ट्रायलला कार्डचा नंबर दिला असेल, तर ती संपण्याच्या दोन दिवस आधीचा अलार्म मोबाईलमध्ये लगेच लावून टाका.